घमेल्यातलं पाणी

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, नाताळलासुद्धा नाइट होती. महिना झाला, उपासनेला गेले नाही. रूमवर येऊन प्रार्थनेला बसते आणि बसल्या बसल्या झोपून जाते. देव लांब गेल्यासारखं वाटतं." त्या वेळी मला काही सुचलं नाही. तुझा आवाज ऐकूनच घसा दाटला. म्हणून आता सवडीने लिहिते.

तुझे पप्पा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, तेव्हा तू नर्सिंगच्या होस्टेलला होतीस. आठ महिने रोज संध्याकाळी मी घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यांचे पाय धुवायची. पहिल्या दिवशी त्यांनी धड असलेला पाय झटक्याने मागे ओढला. बोलता येत नव्हतं, नुसती मान हलवत राहिले. उभ्या जन्मात ज्याने कुणाकडून सेवा करून घेतली नाही, त्याला ते सोसवेना. टाचांच्या भेगांत आपल्या रानातली काळी माती बसली होती. महिनाभर चोळली तरी ती पुरती निघाली नाही. पाय धुऊन झाले की मी बोटांच्या बेचक्या जुन्या धोतराच्या फडक्याने टिपायची.

त्या दिवसांत माझीही प्रार्थना होत नव्हती, बाळ. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. प्रभूच्या प्रार्थनेत 'रोजची भाकर'पर्यंत यायचे आणि तिथून मन उद्याच्या औषधांच्या हिशेबात जायचं.

पप्पा गेल्यानंतरच्या वर्षी, गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी बायबलमधला योहानाचा 13 वा अध्याय वाचला. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत. मला एकदम पप्पांचा तो मागे ओढलेला पाय दिसला. ज्या खोलीत देव नाही म्हणून मी कुढत होते, तिथे आठ महिने हाच अध्याय चालला होता. बाकावर बसून मी खूप रडले.

तू तर हे रोज करतेस. अंग पुसणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं. मत्तयाचा 25 वा अध्याय पुन्हा काढून बघ. न्यायाच्या दिवशी राजा, म्हणजे ख्रिस्त, नीतिमान माणसांना म्हणतो, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझा समाचार घेतलात, आणि ती माणसं चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला आजारी कधी पाहिलं? त्यांना पत्ताच नव्हता! मला त्या प्रश्नाचा फार आधार वाटतो. सेवा करताना त्यांना देव जवळ वाटत होता, असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही.

उपासना सोड असं मी म्हणत नाही हं. रविवारी सुट्टी मिळाली तर जा, प्रभुभोजन चुकवू नकोस. पण आजोबा सांगायचे ते आठव. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना बायबलचा नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी सहप्रवाशाकडून. बाप्तिस्मा पुढे 1895 साली मुंबईत झाला. "आधी गाडीत भेटला, मग देवळात," असं म्हणून आजोबा टिळकांचं भजन सुरू करायचे.

इकडे मालदांडी ज्वारी हुरड्यावर आली आहे. पेरणीनंतर पावसाचा थेंब नाही, सगळं जमिनीतल्या ओलीवर. मार्काच्या 4 थ्या अध्यायातला तो शेतकरी झोपतो, उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. सकाळी बांधावर उभी राहिले की मला तो आठवतो, आणि रात्रभर जागणारी तू आठवतेस.

हुरडा संपायच्या आत दोन दिवस काढून ये. रोज रात्री नऊला मी तुझ्या वॉर्डासाठी प्रार्थना करते. त्या कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींचं नाव काय, ज्यांची तू वेणी घालतेस? तेवढं कळव, म्हणजे मला नावाने प्रार्थना करता येईल.

तुझी,
आई