काका, तुमच्या स्वयंपाकघरातली ती मुलाखत

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

मागच्या महिन्यात रेडिओ खगोलशास्त्रातला पीएचडीचा प्रबंध सादर केला. ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली, ती मनाला लागून राहिली. म्हणून हे उघड पत्र. "जाहीर कशाला?" म्हणून तुम्ही रागवाल हे ठाऊक आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. गिरगावातल्या आपल्या चाळीतले, दुसऱ्या माळ्यावरचे, आकाशवाणीतून निवृत्त झालेले काका. चाळीला तेवढं पुरे.

२०२०चा जून. एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर लटकलेलं. १९ जूनला सरकारने पर्याय दिला: आधीच्या सेमिस्टरांच्या सरासरीवर पदवी घ्या, नाहीतर परिस्थिती निवळल्यावर परीक्षा द्या, आणि काय ते लेखी कळवा. बाबांच्या आजारपणात माझं पहिलं सेमिस्टर बुडालेलं, सरासरी घेतली तर ते जन्मभर मानगुटीवर. परीक्षा द्यावी तर होणार कधी, कुणालाच पत्ता नाही. मी हिशेबाची वही घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून आकडे पाहिलेत. फार तर पावणेदोन टक्क्यांचा फरक. "ह्याच्यासाठी आठ दिवस झोपली नाहीस? पीएचडीच्या मुलाखतीत कुणी विचारलं का पहिल्या सेमिस्टरचं?" नव्हतं विचारलं. त्याच संध्याकाळी मी सरासरीला होकार कळवून टाकला.

(पुढे २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परीक्षेशिवाय अंतिम वर्षाची पदवी नाही, आणि ऑक्टोबरात मी घरबसल्या बहुपर्यायी प्रश्न सोडवले. एवढा खल केलेला पर्यायच गायब! तुम्ही हसता हसता खोकलात, आणि ते दिवस असे की काकू वाफेचं भांडं घेऊनच धावत आल्या.)

मुलाखतही तुमच्याच घरात झाली, कारण आमच्या खोलीत नेटवर्क यायचं नाही. ओट्याला पाठ लावून मी लॅपटॉपसमोर, काकूंनी कुकर लांबवलेला, आणि तुम्ही गॅलरीत कॅरमवाल्या पोरांना ओठांवर बोट ठेवून दटावत उभे. पुण्याजवळच्या जीएमआरटीच्या, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश एका जागी न ठेवता २५ किलोमीटरवर का पसरल्या, असं विचारलं गेलं. आदल्या रात्री तुम्ही गहू निवडायच्या ताटात मोहऱ्या मांडून हेच समजावलं होतंत: दोन टोकांमधलं अंतर जितकं जास्त, तितके बारीक तपशील दिसणार. उत्तर देताना माझ्या डोळ्यांसमोर ते ताटच होतं.

मग दोन्हीकडून होकार आले आणि खरी पंचाईत झाली. बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था की पुण्याचं एनसीआरए, म्हणजे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र? माझा जीव हान्लेत अडकलेला, लडाखमध्ये साडेचार हजार मीटर उंचीवर असलेल्या बंगळूरवाल्यांच्या त्या दोन मीटरच्या दुर्बिणीत. तुम्ही एकदाही "इथे जा" म्हणाला नाहीत. म्हणालात, नुसती पाटी वाचून जाऊ नकोस. तिथे आत्ता शिकणाऱ्या पोरांना लिही, गाइड आठवड्यातून किती वेळ देतात ते विचार, आणि मधेच कोण सोडून गेलं, का गेलं, तेही. मी सात जणांना लिहिलं, पाच उत्तरं आली. दोन्हीकडची चांगलीच! पेच तिथेच.

त्या रात्री वीज गेली होती. तुम्ही जुना ट्रान्झिस्टर काढलात आणि एफएमवर दोन स्टेशनांच्या मधे काटा थांबवलात. खरखर. "ह्यात थोडी आकाशगंगेची आहे," म्हणालात, आणि जान्स्कीची गोष्ट सांगितलीत: समुद्रापारच्या टेलिफोनमधली खरखर कुठून येते ते शोधायला बसवलेला इंजिनिअर, आणि १९३३ मध्ये त्याने जाहीर केलं की ती आकाशगंगेतून येते. मग आपल्या कल्याणची. पुढे जीएमआरटी उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये तिथे ३२ छोट्या डिश उभ्या करून सूर्य पाहिला होता. मी आयुष्यभर कल्याण फास्ट पकडत आले, मला हे माहीतच नव्हतं! शेवटी म्हणालात, "आम्ही खरखर घालवायचा पगार घेतला, तू ऐकायचा घे." वीज आली तरी आपण दिवा लावला नाही. सकाळी मी पुण्याला होकार कळवला. तुमचा सल्ला म्हणून नव्हे, तर हान्लेचे फोटो बघताना मला कधी त्या रात्रीसारखं तहानभूक विसरायला झालं नव्हतं म्हणून.

स्वरूप सर त्याच सप्टेंबरात गेले. मला प्रवेश घेऊन जेमतेम महिना झाला होता, तोही ऑनलाइन. त्यांना भेटायचं राहिलंच. तुम्ही फोनवर बराच वेळ काही बोलला नाहीत.

तो ट्रान्झिस्टर हॉस्टेलच्या टेबलावर आहे. काट्याचं बटण तुटलंय, इथे तसलं मिळत नाही. गणपतीला येते आहे, तेव्हा लॅमिंग्टन रोडला जाऊ. दुकान तुम्हीच दाखवा.

तुमची,
तिसऱ्या माळ्यावरची