अंगठा नको म्हणालात, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, एवढं त्या एका सकाळीच कळलं होतं. तुमच्या संधिवातावरच्या अभ्यासासाठी रक्त देऊन गेलेल्या कित्येकांपैकी मी एक. नळीवर माझं नाव नव्हतं, नुसता आकडा होता. गणिताच्या मास्तराला आकड्याचं वाईट वाटायचं काही कारण नाही. पण आभार मानायचे राहून गेले होते, आणि ते चार लोकांसमोर मानावेत असं वाटलं, कारण माझी फजितीही चार लोकांसमोरच झाली होती.

आधी थोडं मागचं सांगतो. साडेतीन वर्षं मी एकच तक्रार घेऊन दारोदार हिंडलो: सकाळी हात उघडत नाहीत. बोटं सुजून आखडलेली, शर्टाचं एक बटण लावायला दहा मिनिटं. दोन-अडीच तासांनी ती हळूहळू सैल पडत, आणि दुपारी मी चारचौघांसारखा. आता यातली मेख अशी, की डॉक्टरांच्या वेळा मिळायच्या त्या शाळा सुटल्यावरच्या. ते म्हणायचे मूठ वळा, मी वळायचो. म्हणायचे उघडा, मी उघडायचो. रक्तात संधिवाताच्या खुणा शोधल्या, तर ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर नाही, अँटी-सीसीपी नाही. "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, सर." एकांनी टेन्शनचं निदान केलं. दुसऱ्यांनी पहाटे उठून फिरायला सांगितलं, म्हणे आळस जाईल. शाळेत तर एव्हाना ठरूनच गेलं होतं, की सरांना पहिला तास नको असतो, म्हणून ही नाटकं.

खरं ओळखलं ते पोरांनी. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, पहिल्या तासाला फळ्यावर दुसरंच कोणी लिहून जातं का?" पाचव्या तासाचं अक्षर तिला ओळखीचं वाटायचं, पहिल्या तासाचं नाही. तिच्याकडे ना स्टेथोस्कोप होता, ना पदवी. तिने फक्त एकाच माणसाला दोन वेगवेगळ्या वेळी पाहिलं होतं.

पुढे एका ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी, सोनोग्राफीत सांध्यांच्या आतली सूज दाखवली आणि आजाराला नाव मिळालं. रक्ताच्या त्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह असूनही ऱ्हुमॅटॉइड संधिवात असू शकतो, हे मला तेव्हा कळलं. आधीच्या मंडळींना ते ठाऊक असायला हवं होतं. या तज्ज्ञांनीच तुमच्या कामाबद्दल सांगितलं आणि मी आलो. औषध सुरू झालं होतं, पण खोटारडेपणाचा शिक्का अंगावर तसाच होता.

त्या दिवशी सकाळी आठला संमतीपत्रावर सही करायची होती. पेन बोटांत धरलं आणि ते खाली पडलं. उचलून दिलं, पुन्हा पडलं. टेबलाशी तुमचे दोन विद्यार्थी, मागे ताटकळलेली तीन-चार माणसं. तेवढ्यात कोणीतरी, अगदी मदतीच्याच भावनेने, शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठा चालेल, काका."

चालला असता, मॅडम. नियमात बसत होतं. पण तीस वर्षं पोरांना अक्षर घोटायला लावणाऱ्या माणसाने अंगठा उमटवायचा, म्हणजे काय, हे ज्याने कधी अंगठाबहाद्दर हा शब्द कोणाच्या पाठीमागे ऐकलाय त्यालाच कळेल. मी हात पुढे केलाही होता.

तुम्ही आतून आलात. पॅडचं झाकण लावलंत. म्हणालात, "अंगठा नको. त्यांना सही येते. साडेअकराला करतील, मी थांबते." आणि मला काहीही न विचारता माझी रक्त द्यायची वेळ दुसऱ्या दिवसावर टाकलीत.

साडेअकरा! हा आकडा मी तुम्हाला सांगितला नव्हता. साडेतीन वर्षं घसा फोडून जे सांगत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं, ते तुम्हाला न सांगताच ठाऊक होतं. कसं, ते पुढच्या साडेतीन तासांत कळलं. मधेमधे तुम्ही उठून जात होतात, परत येऊन पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवत होतात. ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांत आयएल-६ नावाचा निरोप्या मध्यरात्रीनंतर रक्तात वाढत जातो, पहाटेपासून सकाळपर्यंत शिगेला असतो आणि दिवस वर येतो तसा ओसरतो. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे सूज आवरणारं संप्रेरक, तेही सकाळी वाढतं, पण ते या सुजेला पुरं पडत नाही. झोपताना घ्यायची आणि रात्री दोनच्या सुमारास पोटात विरघळणारी प्रेडनिसोन या स्टेरॉइडची गोळी सकाळचा आखडलेपणा कमी करते, हे २००८ साली एका मोठ्या चाचणीत छापूनही आलं होतं. म्हणजे माझी सकाळ मोजता येण्याजोगी होती. मला फक्त संध्याकाळी मोजलं जात होतं.

तो कागद मी मागून घेतला. अजून आहे. पेशीच्या पृष्ठभागावर आयएल-६ येऊन चिकटतो, आतल्या बाजूला जॅक नावाचं एन्झाइम जागं होतं, ते स्टॅट नावाच्या प्रथिनाला फॉस्फेटचा ठिपका लावतं, ठिपका लागलेले दोन स्टॅट जोडीने केंद्रकात शिरतात आणि जनुकं चालू करतात. आणि त्याच हुकमात हा सगळा प्रकार थांबवणारं प्रथिन बनवायचाही हुकूम असतो. त्याचं नाव सॉक्स. मी म्हटलं, "मोजे?" तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मोकळ्या हसलात. १९९७ मध्ये सापडलेला हा लगाम काहींच्या पेशींत ढिला का पडतो, हे तुमचं काम. मी माझ्या परीने समजून घेतलं ते असं: तास सुरू झाल्याची घंटा होते, सुटल्याची होतच नाही. तुम्ही म्हणालात, उदाहरण बरं आहे, फक्त घंटा वाजवणारे एक नाहीत, पुष्कळ आहेत.

जॅक या नावाची गोष्टही तेव्हाच ऐकली. फॉस्फेटचा ठिपका लावणाऱ्या एन्झाइमला कायनेज म्हणतात; सुरुवातीला शोधणाऱ्यांनी थट्टेत 'जस्ट अनदर कायनेज', म्हणजे 'आणखी एक कायनेज', म्हणून त्याची बोळवण केली होती. पुढे त्याच्या जोडरचनेवरून जेनस या दोन तोंडांच्या रोमन देवाचं नाव चिकटलं. (दुतोंडी माणसं मी शाळेत बरीच पाहिली आहेत, एन्झाइम पहिल्यांदाच.) त्या थट्टेतल्या कायनेजला अडवणारी पहिली गोळी संधिवातासाठी अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झाली. त्याच घराण्यातलं औषध गेले आठ महिने मी घेतो आहे. जंतुसंसर्गावर डोळा ठेवावा लागतो, रक्त तपासत राहावं लागतं, आजार मुळातून गेलेला नाही. पण पहिल्या तासाचं अक्षर आता त्या मुलीला ओळखू येतं.

मी तुम्हाला एक सरळ प्रश्न विचारला होता: या अभ्यासाचा मला काही उपयोग? तुम्ही म्हणालात, "बहुधा नाही. तुमच्यानंतरच्या कोणाला होईल, तोही झाला तर." इतकं स्वच्छ उत्तर मला साडेतीन वर्षांत कोणी दिलं नव्हतं. बरं वाटेल म्हणणारे भरपूर भेटले. गोड बोलणं आणि चांगलं वागणं यांत आपण सर्रास गल्लत करतो. तुम्ही माझ्याशी गोड एक शब्द बोलला नाहीत, खांद्यावर हात ठेवला नाहीत, 'काळजी करू नका' म्हणाला नाहीत. शाईच्या पॅडचं झाकण लावलंत आणि स्वतःची अख्खी सकाळ घालवलीत. तुमच्याइतकं ज्ञान असलेली माणसं आधी भेटली नव्हती असं नाही. ते समोरच्या माणसाच्या सोयीसाठी खर्च करावं, हे मात्र कोणाला सुचलं नव्हतं.

साडेअकरा वाजून गेल्यावर मी सही केली होती. तुम्ही ती पाहिलीत आणि म्हणालात, "अक्षर सुंदर आहे." विद्यार्थ्यांना आम्ही वहीच्या खाली लिहितो तसा तो शेरा मी घरी घेऊन गेलो.

हे पत्र हाताने लिहून त्याचा फोटो सोबत जोडतो आहे. खाली सही आहे, शेवटचा फराटा जरा घसरलाय. शेजारी मुद्दाम वेळ टाकली आहे: सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

आपला,
नळीवरचा एक आकडा