सूचना : सेंद्रिय धान्य व भाजीपाल्याचे वाटप

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सेंद्रिय तांदूळ, तूरडाळ, गूळ व भाजीपाल्याचे वाटप येत्या रविवारी सकाळी ८ ते १० या वेळेत संस्थेच्या सभागृहात होईल. मागणी गुरुवारपर्यंत कार्यालयातील वहीत नोंदवावी.

सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अवशेष सहसा कमी आढळतात, आणि शेणखत, हिरवळीची खते व पिकांची फेरपालट यांमुळे जमिनीतील सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतील कार्बन) टिकण्यास मदत होते, म्हणून हा उपक्रम चालविला जातो. सेंद्रिय अन्न म्हणजे आजारावरील औषध, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये.

१. पाकीटबंद मालावरील ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालाचे चिन्ह पाहून घ्यावे. ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ हे चिन्ह रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे रूपांतरणाच्या काळातील शेतमालासाठी असते. तो पूर्ण सेंद्रिय समजू नये.

२. गूळ गडद तपकिरी असेल. तो पिवळाधमक नाही, ही तक्रार यापुढे विचारात घेतली जाणार नाही.

३. तांदळाला कीड लवकर लागते, त्यामुळे महिनाभर पुरेल एवढाच घ्यावा व डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा.

४. कापडी पिशव्या घरूनच आणाव्यात.

– सचिव