तीन संगणक, शेहेचाळीस लायसन्स

प्रति,
प्रमुख, लायसन्स पडताळणी विभाग

विषय: तुमची नोटीस आणि परवाचा फोन

तुमचा मूळ प्रोग्रॅम ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड खुला आहे आणि तो कुणीही वापरावा, आणि त्यासोबतचा छपाईचा अ‍ॅड-ऑन, म्हणजे वरून जोडायचा भाग, तसा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आम्हाला ते, अ‍ॅड-ऑन ऑफिसात लायसन्सशिवाय वापरल्याची तुमची नोटीस आल्यावर कळलं. दोन्ही एकाच पानावर, एकाखाली एक, सारख्याच निळ्या बटणांनी डाउनलोड होतात. अ‍ॅड-ऑन 'फक्त वैयक्तिक वापर आणि चाचणीसाठी' आहे, हे अटींच्या चौकटीत बरंच खाली सरकल्यावर सापडतं. बटणाशेजारी एक ओळ लिहायला काय जात होतं?

आमच्याकडे तो तीन संगणकांवर होता. घरून काम करणाऱ्या तिघांना ऑफिसच्या प्रिंटरवर बिलं काढता यावीत, एवढ्यासाठी. तीन वर्षं तुम्ही गप्प होतात. मग 'आमचं उत्पादन कसं वाटतं?' अशी गोड ईमेल आली. आमच्या मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं, छान आहे, तिघं रोज वापरतो. तेच उत्तर नोटिशीला पुरावा म्हणून जोडलंत. सोबत आमच्या ऑफिसच्या आयपी पत्त्यावरून झालेल्या डाउनलोडच्या तारखा. अभिप्राय मागायची ही रीत भारी आहे.

तरीही मी स्वतः फोन केला. तिघांचे पैसे भरायची तयारी होती, हे कृपया नोंदवून घ्या. तुमच्या माणसाने विचारलं, "एकूण कर्मचारी किती?" म्हटलं, शेहेचाळीस, पण वापरणारे तीन. "सर, फी एकूण कर्मचाऱ्यांवर लागते." मी विचारलं, आमचे दोन ड्रायव्हर धरून? "हो सर." रात्रीचा वॉचमन? "पगारपत्रकावर असेल तर हो सर." त्याच्याकडे संगणकच नाही हो, टॉर्च आहे! यावर ते म्हणाले, "पण सर, तो वापरू शकतो ना?"

वापरू शकतो. मी विमानही चालवू शकतो, कोणी दिलं तर.

मग मलाच ऐकवलं, "इन्स्टॉल करताना अटी वाचायच्या असतात सर." मी म्हटलं, तुम्ही वाचल्यात? त्यातलं एकूण कर्मचाऱ्यांचं कलम कुठलं, तेवढं सांगा. बराच वेळ नुसती कीबोर्डची टकटक. शेवटी उत्तर आलं, "सर, मी सेल्समध्ये आहे. महिनाअखेरपर्यंत सही केलीत तर मागच्या तीन वर्षांचं माफ करून देतो."

म्हणजे पडताळणी विभागातून सेल्सवाले बोलतात, आणि उल्लंघन इतकं गंभीर की महिनाअखेरीला माफ होतं. वा!

जाता जाता एक. 'ओपन सोर्स' हा शब्द तुम्ही पानाच्या डोक्यावर मिरवता. त्याची व्याख्या १९९८ पासून ठरलेली आहे आणि तिचं सहावं कलम सांगतं, की व्यवसायात वापरायला मनाई करता येत नाही. मूळ प्रोग्रॅम जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली आहे, तो ऑफिसात खुशाल वापरता येतो. माणूस त्या शब्दावर विसंबतो आणि खालच्या निळ्या बटणावर अडकतो. एक ओळ लिहायची होती हो, एक!

यापुढे फोन करू नका, जे असेल ते लेखी कळवा. एकूण कर्मचाऱ्यांचं कलम क्रमांकासह आणि आम्ही डाउनलोड केलं त्या दिवशीच्या अटींची प्रत पाठवा, आजच्या नव्हे. ती येईपर्यंत एक पैसाही मिळणार नाही. नंतरचं आमचे वकील बघतील. ओळखीच्या प्रत्येक व्यावसायिकाला हे पत्र दाखवणार आहे. वाईट याचं वाटतं, की त्यातल्या निम्म्यांना तुमचा प्रोग्रॅम मीच सुचवला होता.

काल तिन्ही संगणकांवरून अ‍ॅड-ऑन काढला. काढताना त्याने कारण विचारलं. 'इतर' निवडलं, तर लिहायला दोनशे अक्षरांचीच जागा होती. म्हणून हे पत्र.

ग्राहक क्रमांक तुमच्या नोटिशीवर आहे.