कोरिऑप्सिस मार्चमध्ये उपटू नका

संपादक महोदय,

पिवळी कोरिऑप्सिस थंडीत हंगामी फुलझाड म्हणून लावली जाते आणि उन्हाळा लागताच उपटली जाते. 'टिंक्टोरिया' जात खरोखरच एका हंगामाची. तिच्या फुलाच्या मध्याभोवती तांबूस-तपकिरी वलय असते. पण निखळ पिवळ्या, दातेरी पाकळ्यांच्या 'लॅन्सिओलाटा' आणि 'ग्रँडिफ्लोरा' बहुवर्षायू आहेत. त्या उपटणे म्हणजे शुद्ध नासाडी.

बी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरमध्ये पेरावे. त्याला रुजायला उजेड लागतो, म्हणून मातीवर नुसते दाबून फवाऱ्याने पाणी द्यावे. 'उगवलेच नाही' या तक्रारीमागे बहुधा खोल पेरणी असते. रोपांत 30 सेंमी अंतर आणि दिवसाला किमान 6 तास ऊन हवे.

कुंडीत दोन भाग माती, एक भाग जाड वाळू आणि मूठभर शेणखत पुरे. युरिया तर नकोच: पाला माजतो, दांडे लोळतात, फुले घटतात. सुकलेली फुले देठासकट खुडली की नव्या कळ्या येत राहतात.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्याची. पाणी साचले की बुंधा कुजतो, त्यामुळे जूनआधी कुंड्या छपराखाली न्याव्यात. जमिनीत लावायची तर उंच वाफ्यावर. दोन-तीन वर्षांनी झुडूप मधून विरळ होते, तेव्हा ते उकरून मुळांसह वेगळे करून पुन्हा लावावे.

एक कळकळीची विनंती: बी टेकड्यांवर उधळू नका. अनिर्बंध पसरते म्हणून जपानने 2006 मध्ये लॅन्सिओलाटाच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

– एक वाचक, पुणे