तीन आजोबा

बंगळूर, रविवार

ती. आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

(बाबा, ‘वि. वि.’ राहिलं म्हणून लाल रेघ मारू नका. लहानपणी मी मामाला लिहिलेल्या प्रत्येक पत्रावर मारायचात.)

रोज फोन होतो मग पत्र कशाला, असं आई म्हणेलच. पण फोनवर तू विचारतेस जेवलीस का, मी विचारते गोळ्या घेतल्या का, तेवढ्यात तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि फोन संपतो. मला जे बोलायचंय ते त्या दोन शिट्ट्यांमध्ये मावत नाही.

हंपीहून येऊन तीन आठवडे झाले. तुम्ही मिरजेहून आणि आम्ही बंगळूरहून निघून होस्पेटला मध्यावर भेटायचं, ही कल्पना माझीच. हौसेहौसेने मी तीन दिवसांचा तक्ता केला होता आणि पहिल्याच दिवशी त्याचे बारा वाजले. महानवमी दिब्ब्याच्या त्या उंच दगडी चौथऱ्याखाली बाबा बसले ते बसलेच. “तुम्ही जाऊन या, मी इथनं बघतो,” म्हणाले. मी वर जाऊन फोटो काढले आणि खाली बघितलं. एवढ्या मोठ्या मोकळ्या मैदानात पांढरी टोपी घातलेला एक माणूस. एवढेसे दिसत होतात तुम्ही! खरं सांगू? तेव्हा मला वाईट नाही वाटलं, चिडचिड झाली. दोन ठिकाणं सुटणार म्हणून.

त्याच संध्याकाळी तुमच्या नातवाने ते गणित घातलं. पाटीवर वाचलं होतं त्याने, विजयनगरची स्थापना 1336, आणि ज्या लढाईनंतर हे शहर उजाड झालं ती तालिकोटची, 1565. वजाबाकी केली, 229. मग म्हणाला, “आजोबा, तुम्ही किती वर्षांचे?” “शहात्तर.” बोटं मोडली आणि ओरडला, “म्हणजे फक्त तीन आजोबा! वर एक वर्ष.” विजयनगरच्या रायांचं राज्य, पाएससारख्या परदेशी माणसाला रोमएवढं मोठं वाटलेलं शहर, ते हत्ती, ते बाजार, सगळं तीन आजोबांत बसलं. लढाईनंतर आजवर सहा आजोबा. बाबा, तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. आईने पाठीवर थोपटलं. मी हसले नाही, ते तुमच्या लक्षात आलं असणार. तुमच्या लक्षात न आलेलं काही नसतंच.

आई, तुझी मजा विठ्ठल मंदिरात. बॅटरीच्या गाडीतून जाताना दोन्हीकडे नुसते दगडी खांब, आणि तू विचारलंस हे काय. जुना बाजार म्हटल्यावर म्हणालीस, “एवढ्या मोठ्या बाजारात आता चहाची टपरी नाही होय!” पोरगा रथासमोर पन्नासची नोट धरून उभा. रथ म्हणजे खरं तर गरुडाचं देऊळ. पुढचे हत्ती नंतर ठेवलेले, मूळचे घोडेच असणार, कारण हत्तींच्या मागे घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या अजून आहेत. ते त्यानेच शोधून काढलं. तू मात्र रथाकडे धड बघितलंही नाहीस. थेट गाभाऱ्यात डोकावलीस. आत काही नाही, अंधार आणि वटवाघळांचा वास. तरी चपला काढून हात जोडलेस. कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठ्ठल इकडे आणला आणि भानुदासांनी तो परत नेला, ही गोष्ट तू आम्हाला वारीच्या दिवसांत शंभरदा सांगितली असशील. तिथे उभी राहून तू एवढंच म्हणालीस, “बरं झालं नेला. नाहीतर इथं एकटाच राहिला असता बिचारा.”

बाबांचं देऊळ मात्र वेगळं होतं. ती काळ्या दगडाची पायऱ्यांची पुष्करणी. ऐंशीच्या दशकातल्या उत्खननात वर आलेली. गाइडने पायऱ्यांवरची अक्षरं दाखवली, कुठला दगड कुठल्या बाजूला, कितव्या रांगेत बसवायचा त्याच्या खुणा. तिथे तुमचा गुडघा कुठे गेला होता कोण जाणे! वाकून वाकून एकेक खूण बघितलीत. मग मान वर करून खांबांवरच्या त्या दगडी पन्हळीकडे, पाणी आणणाऱ्या. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. आम्ही चौघं सावलीत उभे आणि तुम्ही उन्हात उतार मोजताय.

आणि परतताना तो कालवा! केळीच्या बागांमधून वाहणारा, विजयनगरच्या काळातला, अजून चालू. रिक्षा थांबवायला लावलीत. एका शेतकऱ्याला तुमच्या तोडक्या कानडीत विचारत होता, पाळी किती दिवसांनी येते, चारीवर भांडणं होतात का. रिक्षावाला दुभाषा. तो शेतकरी भांडणांबद्दल जे भरभरून सांगायला लागला, ते वीस मिनिटं संपेना. रिक्षात बसताना तुम्ही म्हणालात, “राजवाडे फोडले बघ सगळे. पाट कुणी फोडला नाही. जिंकणाऱ्यालापण भात लागतोच की.” आख्ख्या सहलीत तुम्ही इतके खूश दुसऱ्या कशाने झाला नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण त्या दगडी ताटांपाशी होतो. पाण्याच्या पन्हळीच्या दोन्ही बाजूंना ओळीने कोरलेली ताटं, त्यातच वाट्यांचे खळगे. आई खाली बसून खळगे मोजत होती. “डावं-उजवं पण आहे की गं! पण मीठ कुठं वाढत असतील?” तिचं ते चाललं होतं आणि बाबा, तुम्ही पन्हळीच्या कडेला बसून अगदी सहज, उद्या पाऊस पडेल म्हणावं तसं, बोलायला लागलात. कपाटात वरच्या खणात निळी फाईल आहे. पेन्शनचे कागद, घराचा उतारा, लॉकरची किल्ली कुठल्या डब्यात. “आईला सगळं माहीत नाही, तुला एकदा...”

आणि मी म्हणाले, “बाबा, फिरायला आलोय ना आपण? काय हे विषय!” वर पाण्याची बाटली पुढे केली. जणू तुम्हाला ऊन लागलं होतं.

तुम्ही “बरं” म्हणालात. पाणी प्यालात. आई ताटाकडे बघत राहिली.

ते “बरं” माझ्यासोबत बंगळूरला आलंय. भांडी लावताना येतं, सिग्नलला येतं. अकरा वर्षांचं पोर तोंडावर तुमची वर्षं मोजतं, तुम्ही हसता. आणि मी, चाळिशी उलटलेली बाई, एका फाईलचं नाव काढलं तर घाबरते. तुम्ही घाबरला नव्हतात. तुम्ही हस्तांतर करत होता, बदली झाली की पुढच्या साहेबाला चार्ज देतात तसं. घ्यायला माणूस नव्हता, एवढंच.

सोबत एक फोटो पाठवते, छापून घेतलाय. नरसिंहाच्या मूर्तीपाशी गाइडने सांगितलं होतं ना, मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली, पण तिचा एक हात देवाच्या पाठीवर अजून आहे. तुम्ही लगेच मूर्ती किती फूट ते विचारलंत (बावीस). आई काही बोलली नाही. हा फोटो त्यानंतर तासाभराचा, हत्तीशाळेसमोरचा, तुम्ही दोघं पाठमोरे चालताय. मी कमानी घ्यायला कॅमेरा उचलला होता. घरी आल्यावर दिसलं, आईचा हात कुठे आहे ते.

येत्या शनिवारी मी एकटीच येतेय. जावईबापू आणि पोरगा इथेच, त्याची परीक्षा आहे. बाबा, निळी फाईल काढून ठेवा. जेवणं झाली की बसू. मी वही आणते, तुम्ही सांगा, मी लिहून घेते, अगदी लॉकरच्या डब्यापर्यंत. मध्ये पाणी देणार नाही. रडू आलं तर येऊ दे, पण उठणार नाही. आई, तूही बसायचंस. ओट्यावरचं नंतर दोघी मिळून आवरू. आणि भरली वांगी कर, इथे मिळतात ती नुसती पाणचट.

तुमची,
चिमी

ता. क. : नातवाने विचारलंय, आजीचं वय नक्की किती? तू दर वेळी वेगळं सांगतेस, त्यामुळे त्याचा ‘आजी’ या मापाचा तक्ता अडून राहिलाय.