पहिल्या सरीची घाण खाम नदीत नको

महोदय,
छत्रपती संभाजीनगरात नाले उपसतात, पण गाळ काठावरच पडून राहतो. मृगाची पहिली जोरदार सर आली की तो गाळ, रस्त्यावरचे ऑइल, टायरची भुकटी सगळे खाम नदीतून जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाकडे जाते. तेच पाणी आपण पितो! गाळ निथळला की लगेच उचलायलाच हवा. नाल्याच्या तोंडाशी जाळीही हवी. मात्र प्रत्येक पावसानंतर ती झाडली नाही तर पाणी तुंबून वस्तीत शिरते.

छताचे पाणी बोअरमध्ये सोडणाऱ्यांनीही पहिल्या 2 मिलिमीटर पावसाचे पाणी वेगळ्या टाकीत वळवावे. 100 चौरस मीटर छतासाठी 200 लिटरची टाकी पुरते. पाऊस थांबल्यावर तळाचा कॉक उघडून ती रिकामी करावी, नाहीतर पुढच्या वेळी कबुतरांची विष्ठा थेट बोअरमध्ये उतरते.

– एक नागरिक, छत्रपती संभाजीनगर